एका नंबरचे तीन पदवीधर

माहा मोबाईल नंबर तीन विषयांत पदवीधर आहे. मी नाई. मी दहावीत गणिताच्या मास्तरसोबत भांडून वर्गाच्या बाहेर आली ते आलीच, याले आता चार वर्षं होऊन राह्यले. पन नंबर शिकत गेला. त्यानं बी.एस्सी. केलं, बी.ए. केलं, बी.कॉम. केलं, आन् या जुलैत तो एकाच टायमाले तीन मोठ्या पदव्यांसाठी विद्यापीठात जाऊन उभा राह्यला. मी त्याच्या मांगं उभी होती, पिशवी धरून.

आमचं गाव पळसबोडी, नागभीडपासून चौदा किलोमीटर आत. गावात नेटवर्क नाई. टावर दिसते. तलावाच्या पल्याड, जंगलाच्या डोक्यावर, धुक्यात अर्धा बुडलेला. पन दिसनं येगळं आन् पोचनं येगळं. नेटवर्क पोचते ते फक्त एका जागी, तलावाच्या पाळीवरच्या मोहाच्या झाडाले, दुसऱ्या फांदीले. पयल्या फांदीले नाई, तिसरीले नाई. काऊन म्हनून इचारू नका, कंपनीले पन माहीत नाई. तं त्या दुसऱ्या फांदीले पन्नीच्या पिशवीत माहा मोबाईल लटकून राह्यते, आन् खाली मी.

मी काऊन? तं मले रोवन्याले कोनी नेत नाई. धानाची रोवनी करता करता मी बांधीत उभी राह्यते आन् पान्यात ढग पाह्यते. ढग चालते तशी माही ओळ चालते. दोन सालं बायायनं सहन केलं, तिसऱ्या साली रुखमाबाईनं मले पेंढी हातात देऊन बांधावर बसवलं आन् म्हनली, "तू इथीच राह्य माय, तुह्या ओळीनं तं साप पन रस्ता चुकन."

मले राग आला. मी पेंढी फेकली आन् पाळीवर जाऊन बसली. तेव्हापासून बसलीच आहे.

गावातल्या हरेक कागदावर माहा नंबर आहे. गॅसच्या, रेशनच्या, पीकविम्याच्या, अंगनवाडीच्या. मेसेज पडला की फांदी जराशी हालते. मी उभी राहून वरडते, "रुखमाबाई, आठ, चार, चार, शून्य." पान्यावरून आवाज मस्त जाते. पयल्या बांधीतली बाई दुसरीले सांगते, दुसरी तिसरीले, आन् ज्याचा आकडा त्याच्या घरी पोचते. त्याच्यात कधी एक आकडा चुकत नाई. लोक म्हनतात हे आकडे कोनाले सांगाचे नसतात. आमच्याकडं ते सांगितल्याबिगर पोचतच नाई, तं काय करता.

माही मोठी बहीन साक्षी. जंगलातलं हरेक झाड तिले नावानं ओळखते, असं मले वाट्टे. तिले वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. कराचं होतं. शेजारचा लोकेश, त्याले मराठीत एम.ए. आन् जहीरभाऊ शिंप्याची आफ्रीन, तिले एम.कॉम. तिघायनं चामोर्शीच्या पुढं असलेल्या पूर्व झाडी विद्यापीठाचे फॉर्म भरले. कुठी? मोहाखाली. नंबर कोनाचा? माहा. ईमेल कोनाचा? माहाच, कारन आमच्या गावात तो एकच आहे. पत्ता तिघायचाही 'तलावाजवळ, पळसबोडी'. आन् जन्मतारीख एक जुलै.

यात कोनाची चूक नाई. आमच्या गावात सगळे एक जुलैले जन्मले आहेत. जुने गुरुजी घरोघरी फिरून शाळेत नावं टाकत. माय सांगे, "पोट्टी झाली तवा मोह पडून राह्यला होता." आता मोह पडाची तारीख कोन्त्या रजिस्टरात मावन? गुरुजी लिहे एक जुलै. साल गुरुजी पोट्ट्याची उंची पाहून टाके. साक्षी, लोकेश आन् आफ्रीन एकाच उंचीचे होते.

फॉर्म लय लांब होता. नाव, जात, बापाचं उत्पन्न, मायचं शिक्षन, रक्तगट, आधार, घरात कोन्ती भाषा बोलता. मंग आला 'शरीरावरील ओळखखूण' म्हनून एक रकाना, आन् अर्धं गाव पाळीवर जमा झालं.

आमच्या गावात झाडूकाका म्हनून एक मानूस आहे. त्याच्या आधीचे दोन लेकरं जगले नाई म्हनून मायनं त्याचं नाव झाडू ठेवलं, की नजर लागू नये. नजर लागली नाई, पन त्याची नजर सगळ्यायच्या कामात राह्यते. तो म्हनला, "ओळखखूण कायले पाह्यजे शिकाले? मानूस मेला तं ओळखाले पाह्यजे. या विद्यापीठात काहीतरी होते."

"डाव्या कानामांगं तीळ लिहा," माय म्हनली.

"तीळ नाई पुरत," रुखमाबाई म्हनली. "तीळ सगळ्यायले असते. तिच्या गुडघ्यावर इळा लागला होता ना, ते लिही व."

"तो लोकेशच्या गुडघ्यावर लागला होता."

"मंग साक्षीले काय लागलं होतं?"

साक्षीले काहीच लागलं नव्हतं. ती लाजून लाल झाली. शेवटी साक्षीचा तीळ, लोकेशचा इळा आन् आफ्रीनच्या कपाळावर बकरीनं मारलेलं शिंग, असं लिहून झालं. एवढं सगळं विद्यापीठाले गेलं. मले तेव्हा वाटलं, आता विद्यापीठ आमाले आमच्यापेक्षा जास्त ओळखते.

खाली एक चौकोन होता. 'मी गोपनीयता धोरण वाचले आहे.' तिघायनंही टिक केलं आन् रोवन्याले पळाले. वाचलं कोनी? मी. अकरा पानं, मोहाखाली, एका दुपारी. शेळ्या माह्या आजूबाजूले बसून होत्या. त्यात लिहिलं होतं की तुमची माहिती सुरक्षित ठेवली जाईल, तिच्याबद्दल फक्त तुमच्यासोबतच बोललं जाईल. मले ते वाचून लय बरं वाटलं. माह्या डोळ्यांपुढं एक खोली आली. थंडी, अंधारी, तळघरासारखी. तिथं साक्षीचा रक्तगट एका फडताळात झोपून आहे. बाबाचं उत्पन्न कुशीवर वळून झोपून आहे, बत्तीस हजार, कोनी त्याले उठवत नाई. आफ्रीनचं बकरीचं शिंग कापसात गुंडाळून ठेवलं आहे. कोनी दार उघडलं तं शिपाई ओठावर बोट ठेवून म्हनते, हळू.

मी कितीक वेळ त्या खोलीत होती. मंग शेळीनं माही ओढनी खाल्ली.

जुलैच्या दुसऱ्या हप्त्यात, मंगळवारी सकाळी फांदी हालली. मेसेज होता, 'एकाच अर्जदाराने तीन अर्ज केल्याचे आढळून आल्याने तिन्ही अर्ज रद्द. हरकत शुक्रवार सायंकाळी पाचपर्यंत.'

मी हे पाळीवरून वरडली नाई. पयल्यांदाच. मी खाली उतरून बांधीत गेली आन् साक्षीले हळूच सांगतलं. ती चिखलात उभी होती, हातात रोपं. तिनं हातातली रोपं एक एक करून लावून टाकली, ओळ सरळ, मंग म्हनली, "या सालची सीट गेली तं बाबा पुढच्या साली लगन लावून देईन. त्यायनं सांगून ठेवलं आहे."

मले ते माहीत नव्हतं. मले घरात सगळंच माहीत राह्यते असं वाटे.

मी झाडाखाली येऊन फोन लावला.

"नमस्कार, प्रवेश कक्ष. आपण अर्जदार बोलताय का?"

"मी अर्जदाराची बहीन."

"क्षमस्व. गोपनीयतेच्या नियमानुसार आम्ही फक्त अर्जदाराशी बोलतो." खट्.

साक्षी चिखलाच्या पायानं वर आली. मोबाईल फांदीवरच ठेवा लागते, म्हनून ती मान उंच करून झाडाले बोलू लागली. तिकडून पडताळणीसाठी आकडे आले, तिनं वाचले.

"आपण लोकेश का?"

"नाई, साक्षी."

"इथे लोकेश दिसत आहे." खट्.

मंग लोकेश आला, त्यानं मान वर केली. तिकडून म्हनले, "आपण आफ्रीन?" लोकेशनं तोंड उघडलं. मले वाटलं हा आता हो म्हनते. त्याची मिशी थरथरून राह्यली होती.

मी त्याले ढकललं. "अजी साहेब, फोटो पाहा ना. तीन फोटो आहेत. एकाले मिशी आहे, एकीच्या डोक्यावर ओढनी आहे. एवढं तं दिसते ना?"

"फोटो गोपनीय आहेत. ते आम्हाला दिसत नाहीत."

"मंग तुमाले दिसते काय?"

"नंबर," तो बाप्पा शांतपने म्हनला. "नंबरधारकाने मोबाईलसह स्वतः उपस्थित राहावे."

म्हंजे मी. आन् मी गेली तं फांदी रिकामी.

यावर गावात जे झालं ते सांगाले एक येगळा दिवस लागन. झाडूकाका म्हनला, पोट्टी गेली तं जाऊ दे, मोबाईल ठेवून जा. मी म्हनलं, मोबाईलच पाह्यजे आहे त्यायले, मी त्याच्यासोबत फुकट आहे. जहीरभाऊ म्हनला, "बेटा, माझा विम्याचा मेसेज येणार आहे." मी म्हनलं, "जहीरभाऊ, आफ्रीन तुमचीच आहे ना?" तो सुईत दोरा घालू लागला. रुखमाबाईचं सिलिंडर शुक्रवारीच याचं होतं, आन् आकडे सांगितल्याबिगर सिलिंडरवाला गाडीवरून टाकी उतरवत नाई.

माहे बाबा, वामनराव, ग्रामपंचायतीत शिपाई आहेत. आयुष्यभर त्यायनं कागदं इकडून तिकडं नेले, कागदावर त्यायचा भल्ला इश्वास. बाबानं रातोरात एक ठराव तयार केला. 'सदर मोबाईल एक दिवसाकरिता गावाबाहेर नेण्यास हरकत नाही. मोबाईलसोबत कु. संघप्रिया वामनराव रामटेके राहील.' खाली गोल शिक्का. मी म्हनलं, बाबा, मी मोबाईलसोबत आहे का मोबाईल माह्यासोबत? बाबा म्हनले, "कागदात जे लिहिलं तेच खरं." लगनाचं मी त्यायले काही इचारलं नाई. त्यायनं शिक्का दोनदा मारला, एकदा उलटा, आन् साक्षीच्या हातात भाड्याचे पैसे ठेवताना दुसरीकडं पाह्यलं.

सिलिंडरचं असं ठरलं की सिलिंडरवाल्यानं आपला मोबाईल मोहाच्या दुसऱ्या फांदीले टांगून, खाली उभं राहून मले फोन करावा.

शुक्रवारी पहाटे आमी चौघं निघालो. नागभीडवरून ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी. गाडी वैनगंगेच्या पुलावर आली तवा खाली पानी दिसेना, नुसतं पांढरं धुकं, आन् गाडी हवेत चालल्यासारखी. मोबाईल माह्या मांडीवर पिशवीत. इथी त्याले सगळीकडंच नेटवर्क येऊन राह्यलं होतं, तो बावचळला होता. साठ-सत्तर मेसेज एकदम आले. मी त्याले थापटत होती. लोकेश कविता पाठ करून राह्यला होता, आफ्रीन डबा उघडून बंद करून राह्यली होती, साक्षी खिडकीतून झाडं मोजत होती. मले वाटलं हा पूल संपूच नये. पुलावर कोनी कोनाचा अर्जदार नसते.

विद्यापीठ म्हंजे सागवानाच्या जंगलात एक मोठी पिवळी इमारत. आमी पोचलो तवा एक वाजला होता आन् प्रवेशाची चार नंबरची खिडकी बंद होत होती. आत बसलेल्या बाबूनं बोटं दाखवले, दोन. म्हंजे दोन वाजता. जेवनाची सुट्टी.

बाजूले भिंतीवर फळा होता. त्यावर 'रद्द अर्ज' म्हनून याद्या लावल्या होत्या, आन् लोक त्या वाचून राह्यले होते. मी पन वाचाले गेली, आन् एकेचाळीस नंबरवर माहे पाय थांबले.

'साक्षी वामनराव रामटेके. लिंग पुरुष. वडिलांचा व्यवसाय शिंपी. जात अनुसूचित. उत्पन्न बत्तीस हजार. पदवी बी.एस्सी., बी.ए., बी.कॉम. ओळखखूण डाव्या कानामागे तीळ, उजव्या गुडघ्यावर विळ्याचा घाव, कपाळावर बकरीचे शिंग.' पुढं आधारचा नंबर, त्याच्या पुढं माहा नंबर.

तळघर नाई, फडताळ नाई, ओठावर बोट ठेवनारा शिपाई नाई. चार टाचण्या आन् एक भिंत.

माह्या बाजूच्या पोट्ट्यानं वाचलं आन् हसला. "कपाळावर बकरीचं शिंग. हे कोन आहे बे?" त्याच्या दोस्तानं मोबाईल काढला, फोटो घ्याले. साक्षी मांगंच उभी होती. तिनं हळूच हात नेऊन केसांनी डावा कान झाकला.

मंग माह्यानं राहवलं नाई. मी त्या दोघायच्या मधात घुसली आन् फळ्याले पाठ लावून उभी राह्यली. दोन्ही हात पसरून. नेमकी एकेचाळीस नंबरवर.

"ओ मॅडम, सरका ना. वाचू द्या."

"चाळीसपर्यंत वाचा. मंग बेचाळीसपासून वाचा."

"तुमी कोन आहे?"

"मी भिंत आहे. जा."

पोट्टे गेले. दुसरे आले. मी हलली नाई. आफ्रीननं भाकरीचा तुकडा माह्या तोंडात भरवला, कारन माहे हात कामात होते. एक तास मी तशीच. मंग हळूहळू गर्दी कमी झाली, व्हरांड्यात ऊन आलं, कुठंतरी पंखा घरघरत होता, आन् मले झोपेसारखं झालं. पाठीमांगं कागद गरम लागून राह्यला होता. मले वाटलं, तो एकेचाळीस नंबरचा मानूस तिथं उभा आहे, माह्या पाठीले पाठ लावून. साक्षीचं नाव, लोकेशची मिशी, कपाळावर शिंग. तीन पदव्या. एक जुलैले जन्मला, मोह पडत असतानी. त्याले सगळे झाडं माहीत, सगळ्या कविता माहीत, सगळे हिशोब माहीत. फक्त त्याले राहाले जागा नाई, तो माह्या मोबाईलमध्ये राह्यते. मी त्याले मनातल्या मनात म्हनलं, तू पाच वाजता मरनार आहे, तुले कोनी सांगतलं का? तो म्हनला, माहं वाईट वाटून घेऊ नको, मी मेलो तं ते तिघं जगतीन. लय चांगला मानूस होता. आमच्या गावात त्याच्यासारखा कोनी नाई.

"ताई," कोनीतरी म्हनलं. खिडकी उघडली होती, दोनच्या जागी पावनेचारले.

खिडकीतल्या साहेबाचं नाव अश्वजित सर. तिशीचा मानूस, डोळे झोपाळलेले, बोलनं गोड. मी सगळं सांगतलं. त्यायनं सगळं आयकलं. मंग म्हनले, "मी फक्त अर्जदाराशी बोलू शकतो. अर्जदार कोन?"

"हे तिघं."

"सिस्टिममध्ये अर्जदार म्हंजे ज्याच्याकडं नंबर आहे तो. म्हंजे तुमी."

"सर, मी दहावी नाई."

"असं दिसते तं नाई," ते स्क्रीनकडं पाहून म्हनले. "तीन पदव्या दिसतात."

माहं डोकं सरकलं. मी फळ्याकडं बोट केलं. "तिथं आमच्या बापाचं उत्पन्न टांगून ठेवलं, आधार टांगून ठेवलं, माह्या बहिनीचा तीळ टांगून ठेवला. ते सारा व्हरांडा वाचून राह्यला. आन् ती बिचारी इथी उभी आहे, तिच्यासोबत तुमाले बोलता येत नाई. हे कोन्तं गोपनीय जी?"

"ते प्रदर्शित आहे," अश्वजित सर म्हनले. "प्रदर्शित झालेली माहिती गोपनीय राहत नाई." मंग त्यायनं आपल्याच वाक्याकडं जरासं पाह्यलं, जसं आपन चपलेत खडा आला की चपलेकडं पाह्यतो. "बसा," म्हनले. "एक रस्ता आहे."

रस्ता असा होता की नंबराची मालकीन म्हनून माही येगळी नोंद कराची. म्हंजे नंबर माहा होईन, आन् ते तिघं माह्यापासून सुटे होतीन. त्यासाठी मोबाईलवर सहा आकडे येतीन, ते सांगाचे. तीनदा चुकले तं खिडकी आपोआप बंद, सोमवारी या. सोमवारी येऊन फायदा नव्हता. चार वाजून दहा मिनटं झाले होते.

फांदी हालल्यासारखी पिशवी हालली. मी वाचलं, "चार, शून्य, नऊ, दोन."

"सहा पाह्यजे."

"चारच आहेत."

"तरी टाकून पाहू," लोकेश म्हनला. त्याचं गणित माह्यापेक्षा खराब आहे. टाकले. चूक. ते रुखमाबाईच्या सिलिंडरचे होते.

तेवढ्यात फोन वाजला. "मी सिलिंडरवाला बोलून राह्यलो मोहाखालून. आकडे सांगा."

"चार, शून्य, नऊ, दोन. ठेवा आता."

"थांबा, रुखमाबाई म्हनते तुमचं काम झालं का म्हनून इचारा. झाडूकाका पन आहेत. ते म्हनतात तीळ पक्का सांगजो."

मी फोन कापला, आन् कापता कापता मेसेज पुसून टाकला. कोन्ता मेसेज? विद्यापीठाचा, बोलता बोलता वर आलेला. वर दिसले तेवढे पाच आकडे आठवत होते, सहावा मी मनानं टाकला. चूक. अश्वजित सरायनं चष्मा काढून पुसला. व्हरांड्यातलं घड्याळ चार पंचेचाळीस दाखवत होतं. साक्षी माह्यावर रागावली असती तं बरं झालं असतं. तिनं माह्या पाठीवर हात ठेवला, जिथं फळ्याचा कागद गरम लागला होता तिथं.

तिसऱ्यांदा आकडे आले. मी मोबाईल साक्षीच्या हातात देला आन् डोळे मिटले. मले वाटलं, मी पाळीवर आहे. साक्षीनं एक एक आकडा वाचला, लोकेशनं मांगून म्हनला, आफ्रीननं त्याच्या मांगून, अश्वजित सरायनं टाकला. बांधीतल्या बाया आकडा पुढं देतात तसं. एकही चुकला नाई.

स्क्रीन हिरवी झाली. मंग माह्या नोंदीचे रकाने उघडले. नाव संघप्रिया वामनराव रामटेके. जन्म एक जुलै.

"शिक्षन?" सरायनं इचारलं.

मी वाकून स्क्रीन पाह्यली.

यादीतून निवडा लागे. पयलं होतं पदवीधर, त्याच्या पुढं पदव्युत्तर, त्याच्या पुढं डॉक्टरेट. खाली काही नाई. विद्यापीठाच्या हिशोबानं पदवीच्या खाली मानूस सुरूच होत नाई. मांगं लाईनमधल्या पोट्ट्यायनं माना लांब केल्या. ज्यायले मी 'भिंत आहे' म्हनून सांगतलं होतं ते पन होते. माहे कान तापले. मले वाटलं, हे आता टाचण्या मारून मलेच फळ्यावर लावतीन.

"सर, खोटं नका लिहू," मी म्हनलं. "आन् खरं लिहाले जागा नाई. सोडा रिकामं."

"रिकामं सोडलं तं सिस्टिम तुमाले पन अर्जदार समजन. अर्ज अपूर्ण म्हनून."

"समजू द्या. या तिघायचं काम होते ना?"

"तिघायचं होते."

चार छप्पन. त्यायनं बटन दाबलं. स्क्रीनवर एका मानसाचे तीन झाले. मी एकेचाळीस नंबरवाल्याचा निरोप घ्याले फळ्याकडं पाह्यलं. पाच वाजता अश्वजित सर स्वतः उठले, खिडकीच्या बाहेर आले, टाचण्या काढल्या आन् तो कागद चार घड्या करून खिशात टाकला. कोनी सांगतलं नव्हतं. मले म्हनले, "तुमची नोंद नको असन तं एक साधा अर्ज द्या. आठ दिवसांत पुसून टाकतो. तसा नियम आहे."

"घरी जाऊन सांगते," मी म्हनलं. मले गाडी पकडाची होती.

ऑगस्टमध्ये साक्षीची सीट लागली. आफ्रीनचीही लागली. लोकेश प्रतीक्षा यादीत दोन नंबरवर होता, एकजन कुठी दुसरीकडं गेला आन् तोही लागला. तिघं होस्टेलवर गेले. तिथं सगळीकडं नेटवर्क आहे, तिघायनं आपआपले नंबर घेतले. बाबानं लगनाचं नाव काढलं नाई. साक्षीच्या प्रवेशाच्या पावतीवर त्यायनं ग्रामपंचायतीचा शिक्का मारून ठेवला आहे, कायले ते त्यायलेच माहीत.

मी पाळीवर आहे. धान आता कमरेपर्यंत आलं, हवा आली की सगळी बांधी एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर होते. दर सोमवारी अकरा वाजता विद्यापीठाचा मेसेज येते. 'प्रिय अर्जदार संघप्रिया, आपला अर्ज अपूर्ण आहे. कृपया शैक्षणिक माहिती भरा.' पयल्या सोमवारी मले राग आला, मी मोबाईलले शिव्या देल्या. दुसऱ्या सोमवारी मी दोनदा वाचला.

काल साक्षीचा फोन आला होता. "मी अश्वजित सरले भेटून तुही नोंद काढून टाकू का? तुले दर हप्त्याले त्रास होते."

"नको," मी म्हनलं.

झाडूकाका शेळ्या घेऊन तिथंच बसला होता. त्याले सगळं आयकू येते. तो म्हनला, "काऊन व? दर सोमवारी तुही इज्जत काढून राह्यले ते. पुसून टाक म्हना."

मी त्याले मेसेज वाचून दाखवला, सगळा, हळूहळू. म्हनलं, "काका, पाहून घ्या नीट. अपूर्ण लिहून राह्यले. रद्द नाई लिहिलं."